ताटात पडलेलं दुकान

शोभावहिनी गेल्याचं मला तिच्या घरमालकिणीच्या फोनवरून कळलं. सकाळी साडेसहाला फोन वाजला आणि पलीकडून त्या बाई एवढंच म्हणाल्या, "दीदी, भाभी नहीं रहीं... आप आ जाओ." राजेंद्र नगरहून ऑटो करून मी जुन्या इंदुरातल्या त्या खोलीवर पोचले, तर माझा सख्खा मोठा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, माझ्या आधीच तिथं हजर. आठ वर्षांत ज्या खोलीचा जिना त्यानं एकदा चढला नव्हता, तिच्या दारात तो पांढरा कुर्ता घालून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होता. मला बघून म्हणाला, "लते, सुटली गं बिचारी." कशातून सुटली, कोणामुळे अडकली होती, हे विचारायला तोंड उघडलं आणि बंद केलं. प्रेतासमोर भांडू नये, एवढे संस्कार आईनं केलेत. अग्नीही त्यानंच दिला. घटस्फोट झालाच नव्हता ना, खटला फक्त पोटगीचा होता. कायद्यानं तो तिचा नवराच होता, द्यायची वेळ सोडली तर बाकी सगळ्या वेळी.

दुसऱ्या दिवशी पेपरात उठावन्याची जाहिरात आली. आमच्या इंदुरात आता मराठी घरांतूनही उठावना होतो. तिसऱ्या दिवशी लोक येतात, पांढऱ्या चादरीवर तासभर बसतात आणि जातात. जाहिरातीत वहिनीचा लग्नातल्या फोटोतून कापून काढलेला चेहरा आणि खाली ठळक अक्षरांत 'शोकाकुल पती'. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते मी त्या हॉलमध्ये कानांनी ऐकलं. "भाभीजी लक्ष्मी थीं, भिया," असं एकेक जण म्हणत होता आणि हा मान खाली घालून "बस, नशीब आहे," म्हणत होता. ह्या लक्ष्मीच्या डायलिसिसला रिक्षाचे पैसे नव्हते हे त्या चादरीवर बसलेल्यांपैकी दोघांना माहीत होतं. एक तो, दुसरी मी.

दोन महिने होत आले. लोक म्हणतात, आता राग आवर, गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिही. गोड शब्द मी लिहीन, पण राग आवरणार नाही. तो मी जपून ठेवलाय. वकिलांनी भावाचं नाव लिहू नका असं बजावलंय. तसंही मी लिहिलं नसतं. वहिनीच्या नावाशेजारी छापून यावं, अशी त्याच्या नावाची लायकी राहिलेली नाही.

वहिनी मूळची देवासची. लग्न होऊन आली तेव्हा नात्यानं मोठी आणि वयानं माझ्याहून वर्षभर लहान, म्हणून आमच्यात पहिल्या दिवसापासून अगं-तुगं. दादाचं राजवाड्याजवळच्या गल्लीत मॅचिंग सेंटरचं दुकान, म्हणजे साडीचे फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, लेस, बटणं. तेव्हा ते दुकान कसलं, एक फळी आणि दोन रॅक. दादाला रंगच कळायचे नाहीत. मोरपंखी आणि रामा हे त्याला एकच वाटत. एक दिवस वहिनी त्याचा डबा घेऊन दुकानात गेली आणि संध्याकाळपर्यंत परत आलीच नाही; आईनं मला बघायला पाठवलं, तर ही बया गल्ल्याच्या आत उभी राहून पाच बायकांना एकदम सांभाळत होती. "काकू, हा नका घेऊ, धुतल्यावर पिवळा पडेल." "दीदी, ये वाला लो, साड़ी की किनारी देखो ना, इसमें लाल नहीं, मरून है." त्या दिवसापासून चोवीस वर्षं ती तिथं उभी होती. एक खुर्ची होती, ती दादाची. दुकान वाढलं, शेजारचा गाळा घेतला, वर माळा काढला, गिऱ्हाईक मांडवगडापासून महूपर्यंतचं. सगळा शहाणपणा दादाच्या नावावर जमा. वहिनीला पगार नव्हता, वाटा नव्हता, आणि आमच्यापैकी कोणाला, मला धरून, त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंही नाही. घरची बाई घरच्या दुकानात उभी राहते, त्याचा कसला हिशेब!

मूल झालं नाही. त्याचं तिला दुःख होतं, पण तिनं ते उगाळलं नाही. दादाला मात्र पन्नाशी उलटल्यावर ते एकदम आठवलं, आणि त्यानं दुसरीकडे घर थाटलं. ते कोणाबरोबर, कुठे, हे मी लिहिणार नाही; त्या बाईशी माझं भांडण नाही. एका दुपारी वहिनी दोन बॅगा घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "लते, त्यानं कुलूप बदललं," म्हणाली. आणि मी काय केलं? चहा टाकला. पोहे केले. आणि म्हटलं, "वहिनी, थोडं दमानं घे. पुरुषमाणूस आहे, येईल ठिकाणावर." ती पोहे तसेच ठेवून उठली. आठवडाभरात तिनं जुन्या इंदुरात खोली घेतली, फॉल-पिको करायला मशीन घेतलं आणि कोर्टात पोटगीचा अर्ज टाकला. हात पसरायला नव्हे. चोवीस वर्षं उभी राहिले, आता बसायला जागा द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि आता जे लिहायचंय ते लिहायला हात थांबतोय, पण लिहिते. त्या वर्षी भाऊबीजेला दादा नेहमीसारखा आला. पाटावर बसला, मी ओवाळलं, आणि त्यानं ताटात एक जाड लिफाफा ठेवला. "यंदा तुझ्या ताटात दुकान घालतोय, लते," म्हणाला. दुकानाचं बक्षीसपत्र! माझ्या नावानं! मला रडूच कोसळलं. म्हणाला, "उद्या माझं काही बरंवाईट झालं तर दुकान घरातच राहायला हवं ना यार, बाहेरच्या कोणाच्या हाती नको." मी त्याच्या गळ्यात पडले. लिफाफा उघडून वाचला का? नाही. ओवाळणी भावासमोर उघडायची नसते, मोजायची नसते, हे आमच्या आईनं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पुढच्या आठवड्यात रजिस्ट्रार ऑफिसात त्यानं बोट ठेवलं तिथं सह्या केल्या. मी तीस वर्षं बँकेत क्लार्क होते. लोकांना "नीट वाचून सही करा हं, काका" म्हणण्यात माझी हयात गेली. तेव्हा मला कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. पोटगीची केस चालू आहे, हे मला माहीत होतं. दोन अधिक दोन मी केलं नाही, कारण मला उत्तर नको होतं. उलट कॉलनीभर सांगत सुटले की असा भाऊ शोधून सापडायचा नाही.

चार महिन्यांनी वहिनी आली. हातात दादाच्या शपथपत्राची नक्कल. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून तिनं ते मला वाचून दाखवलं, शांतपणे, शाळेत धडा वाचावा तसं. माझ्या मालकीचं काही नाही. मी माझ्या बहिणीच्या दुकानात पगारी नोकर आहे. पगार महिना नऊ हजार. त्यात माझं स्वतःचंच भागत नाही, तर पत्नीला काय देऊ. वाचून झाल्यावर तिनं कागद घडी केला आणि म्हणाली, "मालकीणबाई झालीस. अभिनंदन हो." मी म्हटलं, "वहिनी, देवाशपथ मला माहीत नव्हतं." ती म्हणाली, "तेव्हा नव्हतं. आता आहे ना?"

ती गेल्यावर मी दादाला फोन केला. तो हसला. "अरे नुसतं कागदावर आहे गं, टेन्शन क्यों लेती है? सगळे असंच करतात." आणि मग आवाज खाली आणून, "आई-बाबा गेले, लते. तुझं माहेर आता मीच आहे. ते तोडायचंय का तुला?" झालं. ह्या एका वाक्यावर मी सात वर्षं गप्प बसले. अळीमिळी गुपचिळी. जीएसटी माझ्या नावावर, बँकेतलं खातं माझ्या नावावर, आणि दर महिन्याला दादा चेकबुक घेऊन यायचा, मी कोऱ्या चेकांवर सह्या करायची. जाताना तो छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून आणलेला गोडाचा पुडा ठेवून जायचा, आणि मी तो खायची.

कोर्टानं नऊ हजार पगार धरून महिना अडीच हजार ठरवले. तेही तो देईल तेव्हा. वहिनीचं माझ्याकडे येणं काही थांबलं नाही. सणावाराला यायची, माझ्या नातवाचे फ्रॉक शिवून... नाही, नातीचे, बघा, रागात नातवंडंही उलटीपालटी होतात. यायची, पण माझ्या घरात पाण्याखेरीज तिनं काही घेतलं नाही. "उपास आहे गं," म्हणायची. सात वर्षं उपास! मी विचारलं नाही कसला. मला माहीत होतं, आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे.

तारखांना जाऊन-जाऊन ती कोर्टाच्या व्हरांड्यात रुळली. तिथं बाकावर तिच्यासारख्याच बायका बसलेल्या असत, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. वहिनी त्यांचे अर्ज लिहून द्यायची, हिंदीत, ठसठशीत अक्षरात. सिमरोलकडची एक शेतकऱ्याची बायको होती. नवऱ्यानं जमीन काकाच्या नावावर केली होती आणि स्वतः भूमिहीन झाला होता. वहिनी तिला म्हणाली, "लिख, गेहूँ किसने बोया, किसने काटा, किसने बेचा. नाम किसका है वो बाद में." मला एकदा म्हणाली, "लते, कायदा वाईट नाही गं. कायदा आंधळाही नाही. तो फक्त कागद बघतो, आणि कागद नेहमी पुरुषांच्या खिशात असतो." सगळ्याच बायका खऱ्या असतात असंही ती म्हणायची नाही. एक-दोघींना तिनं तोंडावर सांगितलं होतं, तुझी नोकरी लपवू नकोस, मी असला अर्ज लिहिणार नाही. खोटं ते खोटं, मग ते कोणाचंही असो.

दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. वाढीव पोटगीचा अर्ज टाकला, औषधोपचारासाठी. दादाच्या वकिलानं तारीख मागितली. मग दादा आजारी पडला, तारीख. मग वकिलाच्या घरी लग्न, तारीख. मग कागद सापडेना, तारीख. आठवड्यातून दोनदा सुया टोचून घेऊन ती तारखेला जायची आणि पुढची तारीख घेऊन यायची. शेवटची जी तारीख मिळाली, ती तिच्या जाण्यानंतर अकरा दिवसांनी होती. हे वाक्य वाचणाऱ्यानं पुन्हा एकदा वाचावं.

ती जायच्या थोडं आधी राज्यानं पोटगीच्या नियमांचा फेरविचार करायला समिती नेमली, आणि तिची सुनावणी इंदुरात होणार असं पेपरात आलं. लोकांनी लेखी सूचना द्याव्यात, येऊन बोलावं. वहिनीनं पलंगावर पडल्या-पडल्या चार पानं लिहिली. मी भेटायला गेले तेव्हा तिनं ती उशीखालून काढली. नवरा-बायको वेगळे झाल्यावर नवऱ्यानं नातलगांच्या नावावर जे केलं ते त्याचंच धरावं. मालक कोण हे कागदावर न बघता गल्ल्यावर कोण बसतं ते जाऊन बघावं. घरच्या धंद्यात बायको किती वर्षं राबली ते मोजावं. आणि आजारी बाईच्या अर्जाला तारीख देऊ नये. मी म्हटलं, "किती छान लिहिलंयस." ती म्हणाली, "छान-बिन राहू दे. माझ्याच्यानं जाणं होणार नाही. तू जा आणि वाच. पण माझं उदाहरण देऊ नकोस. रडक्या बायकांची उदाहरणं त्यांनी पुष्कळ ऐकलीत. तुझं दे." तिनं माझा हात धरला. हात गरम होता, सुजलेला. "लते, मी तुला माफ केलं नाहीये," म्हणाली, "पण तू बोललीस तर करीन." नऊ दिवसांनी ती गेली. त्यामुळे माफीचं काय झालं, ते मला कधीच कळणार नाही.

सुनावणीच्या आदल्या दुपारी दादा घरी आला. वहिनीची चार पानं माझ्याकडे आहेत हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. "अजून तेरावं नाही झालं, आणि तू घरातलं चव्हाट्यावर मांडणार?" मी पानं पिशवीत घातली. "माझं सोड, तुझ्यावरच केस होईल, मालकीण तू आहेस." शेवटी त्यानं ठेवणीतलं काढलं, "मग माहेर विसर." खरं सांगते, साठी ओलांडलेल्या मला तो शब्द अजूनही लागला. पण त्याच्या अंगावर अजून तो उठावन्याचा पांढरा कुर्ता होता, इस्त्री केलेला. मी म्हटलं, "दादा, माझं माहेर त्या जिन्यावरच्या खोलीत होतं. ते तू परवा जाळून आलास."

सभागृह भरलेलं होतं. माझ्या आधी एक गृहस्थ बोलले, बायका कायद्याचा कसा गैरवापर करतात त्यावर, टाळ्याही मिळाल्या. माझं नाव पुकारलं. समितीच्या अध्यक्ष बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आप पीड़िता हैं?" मी म्हटलं, "नहीं मैडम. मैं वो हूँ, जिसके नाम पर छुपाया जाता है." मी बक्षीसपत्र वाचलं, शपथपत्र वाचलं, कोऱ्या चेकांचं सांगितलं, भाऊबीजेचंही सांगितलं. मग वहिनीची चार पानं. एकही ओळ गाळली नाही. शेवटी म्हटलं, "मला शिक्षा असेल तर द्या. पण माझ्यासारख्या बहिणी ह्या शहरात किती आहेत ते एकदा शोधा." मागच्या रांगेत बसलेल्या दोन बायका उठून बाहेर गेल्या. त्या का गेल्या हे मला विचारायची गरज वाटली नाही.

समितीचा अहवाल येईल तेव्हा येईल. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. वहिनी थांबली तेवढी पुरे झाली, मी थांबणार नव्हते. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन सही केलेले सगळे चेक रद्द करवले आणि सरळ राजवाडा गाठला. दादा गल्ल्यावर बसला होता. मी म्हटलं, "उठ." "क्या हुआ?" म्हणाला. म्हटलं, "उठ त्या खुर्चीवरून. नोकर गल्ल्यावर बसत नाहीत." आधी हसला. मग मी कागद पुढे ठेवले तसा लालेलाल झाला, ओरडायला लागला, "दुकान माझं आहे! चाळीस वर्षं..." शेजारचे दुकानदार जमले. "काय झालं भिया, काय झालं ताई?" मी म्हटलं, "बोल दादा, जोरात बोल, हे सगळे साक्षीदार. हेच कोर्टात जाऊन लिहून दे. दुकान माझं होतं, मी खोटी शपथ घेतली, बायकोला उपाशी मारायला घेतली. लिहून दे, मी त्याच दिवशी चावी देते." तो खुर्चीवरून उठला. इकडे आड, तिकडे विहीर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्या चेहऱ्यावर तो भाव दिसला, जो वहिनीच्या चेहऱ्यावर दर तारखेला असायचा. मला आनंद झाला. लपवत नाही, खूप आनंद झाला.

दुसरं काही जमत नाही म्हणून तो दुकानात येतो. दहाला येतो, रॅक पुसतो, थान काढून देतो, रंग चुकवतो. जुन्या गिऱ्हाईक बायका अजून विचारतात, "वो भाभी कहाँ हैं जो बैठती नहीं थीं?" तेव्हा मी उत्तर देत नाही, त्यालाच द्यायला लावते. माळ्यावर मी एक टेबल टाकलंय. व्हरांड्यातल्या बायका आता तिथं येतात. वहिनीच्या हातचे अर्जांचे नमुने एका फायलीत लावलेत, त्यावरून लिहून देते. माझं अक्षर तिच्यासारखं नाही, पण येईल. चहा मात्र दादा आणतो, वर जिना चढून, दिवसातून चार-पाच वेळा.

गेल्या एक तारखेला मी त्याला पगार दिला, त्यानं शपथेवर सांगितला होता तेवढा. नऊ हजार, पाकिटात घालून. त्यानं ते उघडून, माझ्यासमोर, दोनदा मोजले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "लते... यात माझं कसं भागेल गं? थोडे वाढवून दे."

मी म्हटलं, "अर्ज दे. तारीख देते."